दिल्ली लांब, मॉस्को जवळ

माझ्या भासऱ्यांसारखा स्वतःच्या मरणाची सोय बघत हिंडणारा माणूस सबंध भिलाईत दुसरा नव्हता. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. प्रकृती ठणठणीत. रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडची शेती सोडून मातीकामाला आलेले. कुठल्याही गावाचं नाव निघालं की ते किती मैल आहे हे विचारत नसत. तार मिळाल्यावर माणूस तिथून किती वेळात परत येईल, हे विचारत. पोरीसाठी बालाघाटकडचं चांगलं स्थळ आलं होतं, ते वाटेतल्या नदीपायी मोडलं. "पावसाळ्यात मेलो तं तिची वाट पाहत किती दिवस पडून राहू?" म्हणाले.

पुढे त्यांचा एकुलता एक मुलगा भट्टीवर लागला आणि वर्षभराच्या शिक्षणासाठी रशियाला जाणाऱ्यांत त्याचं नाव निघालं. भासरे हो म्हणेनात. अग्नी द्यायला कोण येणार? मुलानं समजावलं, विमान दिल्लीहून सकाळी उडतं आणि संध्याकाळी मॉस्कोत उतरवतं. आणि दिल्लीला जायला? गाडीत दोन रात्री. भासऱ्यांनी बराच विचार करून निकाल दिला. मॉस्को जवळ आहे, खुशाल जा. दिल्ली लांब आहे, तिकडे जायचं नाही.

मी त्यांच्याशी बोलत नसे. तशी रीतच होती. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून जाऊबाईंना म्हटलं, "बाई, सांगा त्याइले, विमान दिल्लीहूनच उडते." जाऊबाईंनी तोंड उघडायच्या आत भासरे भिंतीकडे पाहून म्हणाले, "मंग पावर हाउसवरून कावून नाही उडवत? रेल तं तिथंच थांबते."

पावर हाउस म्हणजे आमचं भिलाईतलं रेल्वे स्टेशन. मी चौथी शिकलेली. तिप्पट लांबचं गाव आधी कसं येतं, हे मलाही नीट कळलं नव्हतं. त्यात मुलानं सांगितलं की तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं, म्हणून प्रवास आणखी कमी दिसतो. तेव्हा तर भासरे उठून बाहेरच गेले.

काही दिवसांनी आपणहून जाऊबाईंना म्हणाले, "तो वापस येतपर्यंत मी मरत नाही. जाऊ दे त्याले."

आणि अंगावर काम घेतल्यासारखे ते न मरण्याच्या मागे लागले. तंबाखू सुटली. चिंचेवर चढणं बंद झालं. पावर हाउसच्या बाजारात जाताना रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरून वळसा घालायचा. साधी शिंक आली तरी दवाखान्यात जाऊन बसायचे. जाऊबाई वैतागायच्या. "माह्यासाठी कधी एक काढा नाही घेतला या माणसानं."

मुलगा आला, जाडजूड कोट घालून. भासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. प्रवासाचं काहीच विचारलं नाही. चुन्याची डबी मागितली, तंबाखू मळली आणि सरळ रुळांवरून बाजारात निघून गेले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. पण जिवाला तेवढं जपताना त्यांना परत कोणी पाहिलं नाही.