आफ्राचा शाल्क

मिटररीड गावात आफ्राच्या हातचा शाल्क नाही अशी लग्न झालेली बाई शोधून सापडली नसती. काळ्या रेशमाची ती अंगाबरोबर बसणारी बंडी, पाठीला चुण्या, गळ्याच्या कडेनं रेशमाची बारीक झालर. या झालरीला शिवणाऱ्या बायका ‘बेडक्या’ म्हणतात, कारण एकेक चुणी बसलेल्या बेडकीसारखी फुगलेली दिसते. आफ्राच्या बेडक्या बघायला शेजारच्या खोऱ्यातून बायका यायच्या.

पण शाल्क घालायचा तो लग्न झालेल्या बाईनं, आणि आफ्राचं लग्न झालं नव्हतं. आधी आईचं आजारपण काढलं, मग भावाची गुरं सांभाळली, आणि पुढे कुणी विचारलं नाही नि तिनंही वाट बघितली नाही. जुलैच्या उत्सवात मिरवणूक निघाली की ती रस्त्याच्या कडेला सुईदोऱ्याची पिशवी घेऊन उभी राहायची. कुणाचा टाका उसवला तर ती बाई रांग सोडून यायची, आफ्रा उभ्याउभ्या शिवून द्यायची आणि बाई घागरा सावरत पुन्हा रांगेत पळायची. यात तिला कधी काही कमीपणा वाटला नाही.

मग क्विरीन सुतार तिच्याकडे यायला लागला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, लांब हातापायांचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या चामड्याच्या विजारीचं शिंगाचं बटण तुटलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरं तुटलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं.

“क्विरीन, खरं सांग, तू ही बटणं कापून आणतोस ना?”

“हो,” तो म्हणाला.

एवढ्यावर ठरलं. ईस्टरनंतर चर्चमध्ये लग्न लागलं तेव्हा आफ्राला एकसष्टावं चालू होतं, आणि उत्सव तीन महिन्यांवर आला होता.

“तुला शाल्क लागेल,” क्विरीन एकदा जेवताना म्हणाला. “वरच्या कपाटात आहे की पहिलीचा. तोच घाल.”

आफ्रानं चमचा खाली ठेवला. “तुझी आधीची बायको माझ्या खांद्याला लागायची. आणि तो तुझ्या लेकीचा आहे, रोझविताचा. मी तिला तो मापाचा करून देते. माझा मी शिवीन.”

क्विरीननं मान डोलावली. आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो एवढं त्याला समजलं, आणि त्यानं तिच्या ताटात आणखी एक बटाट्याचा गोळा वाढला.

रेशीम म्युनिकहून आणलं. पुढचा भाग सुरेख उतरला. पाठीनं मात्र दावा मांडला. शिवणखोलीतल्या पुतळ्यावर पाठ झकास बसे, पण तो पुतळा आफ्राच्या तरुणपणच्या मापाचा होता. दोन आरसे समोरासमोर लावून बघितले, तर टाचणी डावीकडे लावायला जावं नि हात उजवीकडे जावा. शेवटी तिनं क्विरीनला बोलावलं.

“इथं धर. चुणी सरळ पाड. आता टाचणी लाव. आई गं! कापडाला रे, मला नाही!”

“कापड फार पातळ आहे,” क्विरीन अपराध्यासारखा म्हणाला. “लाकूड असतं तर एव्हाना झालं असतं.”

त्या खोऱ्यात ही पाठ बसवू शकेल असं दुसरं एकच माणूस होतं, ओबरहास्लाखची ओटिलिए. दोघी एकाच बाईकडे शिवण शिकलेल्या, एका बाकावर बसलेल्या. पण पुढे कुठल्याशा लग्नात आफ्रा म्हणाली होती की ओटिलिएनं शिवलेल्या पाठी बटाट्याच्या पोत्यासारख्या फुगतात. ते तिच्या कानावर गेलं, आणि तिनं भर बाजारात उत्तर दिलं होतं, “जिला शाल्क जन्मात घालायचा नाही, तिला तो कुठं टोचतो ते काय कळणार?” त्या दिवसापासून दोघी एकमेकींना बघून रस्ता बदलत. आफ्राला ते वाक्य अजून झोंबत होतं. तरी तिनं अर्धवट शाल्क कागदात गुंडाळला आणि सकाळची बस पकडली.

ओटिलिएनं दार उघडलं. कंबरेत थोडी वाकली होती, पण नजर तीच.

“कोण गेलं? त्याशिवाय तू माझ्या दारात यायची नाहीस.”

“कुणी नाही. पाठ बसवायची आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

ओटिलिएनं तिच्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं. “ऐकलं होतं मी. म्हटलं, लोक काय, काहीही उठवतात. आत ये. पाय पूस.”

स्वयंपाकघरातच तिनं आफ्राला खिडकीसमोर उभं केलं. तोंडात टाचण्या धरून ती मागे फिरत होती आणि टाचण्यांमधूनच बोलत होती.

“आरशात बघून पाठ शिवायला निघालीस? या वयात? ताठ उभी राहा. एवढी ताठ नाही, तू काय चर्चचा मनोरा आहेस? श्वास घे. आता सोड. मिरवणुकीत श्वास घेणार आहेस ना?”

चुण्या एकेक करून जागेवर बसत गेल्या. आफ्राला ते दिसत नव्हतं, पण पाठीवर जाणवत होतं. तिनं मनात कबूल केलं की या बाईचा हात हलका आहे.

“आता हात वर कर. टोपी घालतेस असं समज.”

आफ्रानं हात उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला. काखेत शिवण अशी काचली की डोळ्यात पाणी आलं.

“टोचतंय?”

“नाही.”

“खोटारडी. बघ, तोंड बघ तुझं!”

“थोडं टोचतंय.”

“थोडं?” ओटिलिएनं तोंडातल्या टाचण्या काढून बशीत टाकल्या आणि खुर्चीवर बसून खो खो हसायला लागली. “अगं, तुझ्या गावच्या बायका इतकी वर्षं हात खाली धरून का चालतात असं मला वाटायचं! मला वाटायचं, ती तिकडची रीत असेल!”

आफ्राचा चेहरा लाल झाला. तिथून निघून जावं असं वाटलं, पण अंगात टाचण्या होत्या. मग तिच्या डोळ्यांसमोर मिटररीडच्या बायकांची रांग आली, गंभीर, हात अंगाला चिकटवलेल्या, आणि तिलाही हसू फुटलं. हसली की टाचण्या बोचायच्या, म्हणून ती “नको, नको गं” म्हणत हसत राहिली.

“बाजारात तसं बोलायला नको होतं मी,” ओटिलिए डोळे पुसत म्हणाली. “लागेल असंच बोलले मी. पण काख चुकली होती, हेही खरं.”

“आणि मीही पोत्याचं बोलायला नको होतं.”

“नकोच होतं बोलायला. पाठ कुणाची चांगली, ते सांग आता.”

“तुझी.”

“हं.” तिनं कात्री घेतली, काख उसवली आणि तिथं एक छोटा चौकोनी जोड घातला. “बेडक्या मात्र मला कधी जमल्या नाहीत. माझ्या सगळ्या चेंगरलेल्या दिसतात. कॉफी झाली की दाखव कशा करतेस.”

आफ्रा संध्याकाळच्या शेवटच्या बसनं परतली.

उत्सवाच्या दिवशी रोझविता पहाटेच आली. तिनं आईचा शाल्क घातला होता, आफ्रानं मापाचा करून दिलेला. तिनं आफ्राचा गळ्याभोवतीचा रुमाल टाचण्यांनी बसवला, छातीशी लाल कार्नेशनची फुलं खोचली, सोनेरी गोंड्यांची टोपी डोक्यावर ठेवली. दोघी अंगणात आल्या तेव्हा क्विरीन चामड्याची विजार घालून तयार होता. तो दोघींकडे बघत राहिला. मग आफ्राला म्हणाला, “टोपी जरा डावीकडे,” आणि नाक शिंकरायला वळला.

मिरवणुकीत आफ्रा पहिल्यांदा रांगेच्या आत चालली. कडेनं बघताना ती नेहमी टाके बघायची; आतून तिला पुढच्या बायकांच्या माना दिसत होत्या आणि दुतर्फा लोक हात हलवत होते. तिनंही हात हलवला, चांगला डोक्याच्या वरपर्यंत.

उत्सवाच्या तंबूत जेवायला बसल्यावर बेकरीवाली बुर्गल तिच्याकडे वाकली. “आफ्रा, तुझा हात एवढा वर कसा गं जातो?”

“तुझा जात नाही?”

टेबलावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“मग मला सांगितलं का नाही कुणी?”

“एवढं मन लावून शिवतेस,” बुर्गल म्हणाली. “आणि दिसतो किती छान! कोण बोलणार तुला? घरी जाऊन मलम लावायचं.”

“सगळ्यांनी घेऊन या,” आफ्रा म्हणाली. “हिवाळ्यात उसवते. ओटिलिए येईल मदतीला.”

“कोण?” तीन-चार आवाज एकदम आले.

उत्तर द्यायच्या आत डोंगरामागून गडगडाट झाला आणि पाऊस कोसळला. रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग बसतो, त्यामुळे एकही बाई तंबूबाहेर पाऊल टाकेना. बँडवाल्यांनी पुन्हा वाद्यं उचलली. क्विरीननं हातातला मुळा संपवला, मिशा पुसल्या आणि नाचायला आफ्रासमोर हात धरला.

“मला शाल्क घालून नाचता येत नाही,” आफ्रा म्हणाली. “वाकताच येत नाही यात.”

“मलाही वाकता येत नाही,” क्विरीन म्हणाला. “गुडघे.”

मग ते दोघं ताठ उभ्यानंच सावकाश गोल फिरत राहिले, पाऊस थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही आणखी थोडा वेळ.