शालनबाई गोष्टीतून मधेच उठू देत नसत

आज एकादशी. पूजा झाली, जप झाला, आणि भगर टाकायला उठले तर आमची लेक आरोही मोबाईलवर तिच्या लहानपणचं कार्टून बघत बसलेली. नीलकेतूचं. पडद्यावर त्याचे डोळे जांभळे झालेले आणि त्यानं आपल्याच मित्रावर हात उगारलेला. तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला, तशी ती उठून गॅलरीकडे निघाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मधेच कशी उठतेस? त्याला सुटू दे आधी."

ती हसली आणि फोनवर म्हणाली, "दोन मिनिटं थांब गं. आमच्या घरात शालनआज्जी आलीय."

शालनबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या खोल्यांत आता पार्सल पोचवणारी मुलं भाड्यानं राहतात, खाली जिन्याशी त्यांच्या गाड्यांची रांग असते. पण आरोही तसं बोलली आणि मला शालनबाईंच्या दारातून सहा वाजताचा टीव्ही ऐकू आल्यासारखं झालं. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहिते.

आम्ही काळेवाडीत राहायला आलो तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांत त्या पाळणाघर चालवत. माहेर चाकणच्या पलीकडचं, कांद्याच्या वावरातलं. लग्न होऊन इकडे आल्या. यजमान दौलतराव पिंपरीतल्या एका कंपनीत होते. मूलबाळ झालं नाही. दौलतराव गेले तेव्हा भाऊ टेम्पो घेऊन न्यायला आला होता. शालनबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "टेम्पो रिकामा नगं नेऊ. ह्ये लोखंडी कपाट घिऊन जा, लई जागा खातंय." कपाट गेलं आणि त्या राहिल्या. त्या कपाटाच्या जागेवर पहिला पाळणा बांधला.

आमच्या भागात नवरा-बायको दोघं कामाला असलेली घरं पुष्कळ. बायका पॅकिंगला, पुरुष चाकणला. शाळा सुटली की पोरं शालनबाईंकडे. मी घरीच असायचे, पण आरोही काही घरी थांबायची नाही, तीही तिकडेच. मग मीही संध्याकाळचे मुरमुरे-शेंगदाणे कालवायला जाऊ लागले, आणि खरं सांगायचं तर मलाही करमेनासं झालं त्या घराशिवाय.

सहाला ते कार्टून लागायचं. नीलकेतू आणि त्याचे चार सोबती, आणि त्यांच्या वाईटावर असलेली तमसा नावाची राणी. तिची एक खोड ठरलेली. समोरासमोर हरली की ती पाचांतल्या कुणा एकाच्या कपाळावर जांभळा मणी चिकटवायची. मणी बसला की त्याचे डोळे जांभळे, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, आणि तो आपल्याच माणसांवर चालून जायचा. ज्याच्यासाठी काल जीव धोक्यात घातला त्यालाच आज "कोण तू?" म्हणायचा. पोरांना हेच भाग सगळ्यात जास्त आवडायचे. टीव्ही बंद झाला की ऋतिक लगेच हात ताठ करून, डोळे वटारून सगळ्यांच्या मागे लागायचा. त्याला मणी बसलेलं व्हायला फार आवडे. मैत्री नावाची मुलगी त्याच्यासमोर उभी राहून त्याला हाका मारायची. ऋतिक आणि मैत्री एका वर्गात, एका बाकावर.

कार्टून हिंदीत. शालनबाईंना हिंदी बेताचीच. वाती वळत बसायच्या आणि विचारायच्या, "आता ह्यो का मारतुया त्याला? सकाळी तर गळ्यात गळा हुता."

"आज्जी, त्याच्या मनावर कब्जा केलाय तिनं."

"भारलाय म्हना की. मग असं सांगा. आमच्या गावात बी भारलेली हुती दोन-तीन, पन ती सासवांनी भारलेली."

त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती. भारलेला वीर भारलेला असताना कार्टून संपलं, तर एकही मूल घरी जायचं नाही. कार्टूनवाले मुद्दाम तिथेच थांबवायचे, बाकी पुढच्या भागात. शालनबाई आवाज बंद करून म्हणायच्या, "बसा खाली." आणि पुढची गोष्ट स्वतः सांगायच्या, तो परत माणसात येईपर्यंत.

हे त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलेलं. गावच्या देवळात श्रावणात ते पोथी वाचायचे. आमच्याकडेही तीच रीत आहे. पोथीत कुणी रणात पडलेलं असेल, कुणाची ताटातूट झालेली असेल, तर तिथे पोथी बांधून ठेवत नाहीत. तो उठून बसेपर्यंत, ती माणसं भेटेपर्यंत वाचायचं, मगच आरती. एकदा दिव्यातलं तेल संपलं तर शालनबाईंच्या आईनं घरातलं खायचं तेल आणून ओतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या घरानं कोरडी चटणी खाल्ली.

"काकू, पण ती पोथी, हे कार्टून," मी एकदा म्हटलं.

"ऐकनारं तर मानूसच हाय न्हवं," त्या म्हणाल्या. "अर्ध्यात उठलं की त्यो मनात तसाच उभा ऱ्हातो हात उगारून. पोरं झोपतील कशी?"

त्यांच्या गोष्टीत भारलेला वीर नेहमी खाण्यानं परत यायचा. कधी लसणीच्या चटणीनं, कधी गरम भाकरीनं, आणि बहुतेक वेळा चुलीत भाजलेल्या कांद्याच्या वासानं. पोरं विचारायची, "पण आज्जी, त्याला काहीच ओळखू येत नाही ना?" यावर त्या ठसक्यात म्हणायच्या, "डोळं जांभळं झालं म्हनून नाक गेलं व्हय रं?"

दाराबाहेर एक बाकडं होतं. कंपनीची बस चौकात सोडायची, आणि आई-वडील डबा हातात घेऊन गोष्ट संपेपर्यंत त्यावर बसून राहायचे. सुरुवातीला चिडायचे, मग सवय झाली. नंतर नंतर उशिरा आलेला माणूस चप्पल काढता काढता विचारायचा, "कुठवर आलंय?" आणि आधी आलेला सांगायचा.

त्या बाकड्यावर रोज दोघं शेजारी असायचे. ऋतिकचे वडील जयसिंग आणि मैत्रीचे वडील बुद्धरत्न. चाकणच्या एका कंपनीत एकाच लाइनवर, दोघंही कंत्राटी. बसमध्ये जो आधी चढेल तो दुसऱ्यासाठी शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचा. जयसिंगच्या डब्यातली बाजरीची भाकरी बुद्धरत्न खायचा आणि बुद्धरत्नच्या डब्यातली सुकट जयसिंग. घरी बायको खाऊ देत नाही म्हणून तिकडे खातो, असं जयसिंगची बायको साक्षीच मला सांगायची.

एका वर्षी कंपनीनं बुद्धरत्नला कायम केलं. जयसिंगला नाही. मग लाइनवरच्या कुणीतरी जयसिंगचे कान भरले, की तू शिफ्टला डुलकी काढतोस हे बुद्धरत्ननंच साहेबाला सांगितलं. खरं-खोटं मला माहीत नाही. बुद्धरत्न शपथेवर नाही म्हणाला. जयसिंगनं ऐकून घेतलं नाही. बसमधला रुमाल बंद झाला. बाकड्यावर एक बसला की दुसरा जिन्याशी उभा राहायचा. आणि एक दिवस आरोही घरी येऊन म्हणाली, "आई, ऋतिक मैत्रीशी बोलत नाही. तिनं हाक मारली तर म्हणाला, कोण तू?"

"खेळत असेल," मी म्हटलं.

"नाही. खेळताना तो हात ताठ करतो. आज केलेच नाहीत."

मी हे शालनबाईंना सांगितलं. त्यांनी आधीच बघितलं होतं. ऋतिक आता आरोहीच्या पलीकडे बसायचा, आणि मैत्री मुरमुऱ्यांतले शेंगदाणे वेचून त्याच्यासाठी वाटीच्या कडेला ठेवायची, पूर्वीसारखे. ते तसेच राहायचे.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी खुद्द नीलकेतूला मणी बसला. भाग संपला तेव्हा चित्रांगी, त्याची लहानपणची सोबतीण, जमिनीवर पडलेली आणि तो तिच्यावर हात उगारून उभा. शालनबाईंनी आवाज बंद केला आणि गोष्ट सुरू केली. तेवढ्यात जयसिंग आला. बाकड्यावर बुद्धरत्न होता. त्याला बघून जयसिंग थांबलाच नाही, सरळ आत आला. "चल रे, ऋतिक."

"थांब बाबा, हात उगारलाय त्यानं अजून," शालनबाई म्हणाल्या.

"आज्जी, रोज काय हे? दमून येतो माणूस. आणि सोमवारपासनं हा येणार नाय. त्याच्या मावशीकडे बसंल."

ऋतिकनं दप्तर उचललं. जाताना टीव्हीकडे मान वळवून बघत होता, पण पडद्यावर तोवर साबणाची जाहिरात लागली होती. पोरगं गोष्टीतून अर्ध्यात उठून गेलं, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. शालनबाईंनी उरलेल्या पोरांची गोष्ट पुरी केली, पण वात वळताना त्यांचे हात थांबत होते. पोरं गेल्यावर म्हणाल्या, "आरोहीच्या आई, ते लेकरू परत येतंय का न्हाई, देवाला ठावं. पन त्याचं अर्धं राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. सकाळी त्या लुगडं बदलून माझ्या दारात उभ्या. "चला. पुरं करून येऊ." मी देवापुढचे पेढे सोबत घेतले आणि आम्ही निघालो.

जयसिंग घरीच होता, बनियनवर, पंखा खोलून बसलेला. आम्हाला बघून त्याला वाटलं भांडायला आल्यात. साक्षीनं पाणी दिलं. शालनबाई म्हणाल्या, "मी पोराची गोष्ट पुरी कराय आलीया. दुसरं काय न्हाई."

जयसिंग स्क्रू फिरवत म्हणाला, "आज्जी, मी काय लहान हाय का? पोराच्या नावानं मलाच सांगणार तुम्ही. मला भारलंय, मित्रावर उलटलोय, असंच ना? माझ्या कपाळावर कुणी मणी लावला नाय. मला माझा राग आलाय."

मला वाटलं आता शालनबाई काहीतरी चांगलं उत्तर देतील. त्या गोंधळल्याच. "आसंल बाबा," म्हणाल्या. "मानसाचं मला न्हाई कळत. मला टीव्हीतलं तेवढं कळतं. पर पोरगं अर्ध्यातनं उठलंय. तेवढं करू दे, मग मी जाते."

जयसिंगनं पंख्याचं पातं सोडवून खाली ठेवलं. ऋतिक पलंगाच्या कडेवर येऊन बसला होता.

त्यांनी सांगितली ती गोष्ट मला अजून आठवते. नीलकेतूनं हात उगारलेला. चित्रांगी हत्यार उचलत नाही, पळतही नाही. तिथेच बसकण मारते, तीन दगड मांडते, जाळ करते आणि कांदा भाजायला ठेवते.

"युद्धात कांदा कुठनं आला?" ऋतिक.

"चाकनवरनं. तिच्या कमरेला बांधल्याला हुता. मधे बोलू नगं. कांद्याचं वरचं साल जळालं. वास सुटला. ह्येचा हात वरच. मग ती काय म्हनली? म्हनली, मारायचं तर मार, पर आधी आर्धा खा, एकटीनं माज्यानं संपायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. हात खाली आल्याबिगर खाता येतंय व्हय? आला खाली. आणि खाताना डोळ्यात कांदा गेला, डोळं पुसलं, तर जांभळा रंग सगळा हाताला."

साक्षी हसली. ऋतिकही. जयसिंगनं पंख्याचं पातं पुसायला घेतलं होतं, तो तेच पातं पुन्हा पुन्हा पुसत राहिला. आम्ही पेढे ठेवून निघालो. वाटेत मी विचारलं, "काकू, येईल का हो तो?" म्हणाल्या, "न्हाई आला तरी आता झोपंल तरी नीट."

सोमवारी ऋतिक आला नाही. कार्टूनमध्ये नीलकेतू सुटला, पण कुठल्याशा यंत्रातून किरण निघाला आणि मणी फुटला, एवढंच. पोरं हिरमुसली. मैत्री म्हणाली, "टीव्हीवाल्यांना नीट येत नाही."

पुढे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी ऋतिक दारात उभा. साक्षीची शिफ्ट बदलली होती, आणि मावशीकडे कार्टून लावू देत नव्हते. तो आत आला, आधी आरोहीच्या पलीकडे बसला, मग म्हणाला, "आज्जी, आरोही म्हणाली, तू सांगितलं तसं टीव्हीत झालंच नाही."

"त्यांचं येगळं, आपलं येगळं. बस."

मैत्रीनं वाटी सरकवली. त्यानं त्यातला एक शेंगदाणा उचलला, मग सगळेच.

त्या दिवशी मणी चित्रांगीला बसला आणि भाग तिथेच संपला. शालनबाईंनी आवाज बंद केला. जयसिंग आला तेव्हा गोष्ट नुकती सुरू झाली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. ऋतिकनं मागे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. जयसिंगनं बूट काढले आणि बाकड्यावर बसला.

थोड्या वेळानं जिन्यावर बुद्धरत्नची पावलं वाजली. वर येऊन त्यानं बाकड्याकडे बघितलं आणि कठड्याला टेकून उभा राहिला. सवयीनं विचारलं, "कुठवर आलंय?" मला विचारलं असावं, मी दाराशीच होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात जयसिंग समोर बघतच म्हणाला,

"धरलीय तिला. अजून सुटली नाय."

बुद्धरत्ननं हातातला डबा बाकड्यावर ठेवला. मग चप्पल काढून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे दोघांचे डबे. शालनबाईंनी वाती वळता वळता एकदा बाहेर बघितलं, आणि चित्रांगीला त्यांनी आधी एक डोंगर चढायला लावला, मग नदी ओलांडायला लावली, मग रानात वाट चुकवली. इतकी लांब गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. माझा कुकर गॅसवर होता, तरी मी उठले नाही.