हळद लागेपर्यंत बोटांनी

शिरवण्याच्या रुतिकाला बेस गिटार नखीने वाजव म्हटलं की ती भडकायची. "लहानपनापासून कोलंबी सोलतेय मी. एवढी कडक बोटं हायेत, मग प्लास्टिकचा तुकडा कशाला?" आमच्या हळदीच्या बँडमध्ये मी बँजो वाजवतो, नखीनेच. तिच्या बोटांचा गोल, जाड सूर मलाही आवडायचा, पण गर्दीत तो बुडायचा. हे तिला सांगणार कोण?

परवा दिघ्याला नवरदेवाच्या आत्यांनी रिवाजाप्रमाणे वाजवणाऱ्यांनाही हळद फासली. या वेळी रुतिकाचा उजवा हातच हळदीच्या तेलाने माखला. बोटं तारेवरून सटकू लागली, नाचणारे अडखळले. मी माझी जादा नखी पुढे केली. हळदीत घसरू नये म्हणून नखीला मी सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवतो. रुतिकाने खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं आणि नखी हिसकावली.

मग काय विचारता! एकेक सूर ढोलकीच्या बरोबरीने छातीवर आदळला. खुर्च्या रिकाम्या झाल्या, आत्याही नाचल्या.

"राहू दे माझ्याकडे," ती नंतर म्हणाली. "हळद लागेपर्यंत बोटांनीच वाजवनार."

पुढच्या हळदीला पहिलं गाणं संपायच्या आत तिनेच तिथल्या आत्यांपुढे उजवा हात धरला.