शिंगांची पिकप

आमच्या पिकपला शिंगं होती. चांगली लांब, मागं वळलेली, टोकाला गोंडे लावलेली. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडं बघतात आणि आजीला जरा चहा द्या म्हणतात. पण कोल्हापुरात आमच्या गल्लीत जाऊन कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "व्हय, होती की!"

मी मूळची पेठ वडगावची. बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान. लग्न होऊन आले ती थेट गवळ्याच्या घरात. त्या वेळची मी म्हणजे काय सांगू! दहावी पास, उंच टाचेची चप्पल वाजवत चालणारी, आणि आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही ही पक्की समजूत. सासरी पहिल्या सकाळी गोठ्यात उभी राहून मी ऐटीत विचारलं, "हिची धार कधी काढायची?" बोट दाखवलं होतं ते हल्याकडं. रेड्याला आमच्याकडं हल्या म्हणतात. गल्लीतल्या बायकांना पुढची दहा वर्षं हसायला तेवढं पुरलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेव्हा हसले नाहीत. त्यांनी फक्त म्हशीच्या पाठीवर थाप मारली, जणू तिची समजूत काढत होते. माणसांशी ते बोलायचे मोजकं, म्हशींशी भरपूर. त्यांची एक लाडकी म्हैस होती, काळीभोर, तलवारीसारख्या लांब शिंगांची. तिला त्यांनी कधी नाव दिलं नाही. शेजारच्यांनी एकदा विचारलं, "एवढी गुणाची म्हैस, नाव काय ठेवलंसा?" तर माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हशीला कशाला नाव ठेवू? नावं ठेवायला घरात सून हाय की."

आणि ठेवायचेही. माझ्या भाकरीला, माझ्या केसांच्या वळणाला, माझ्या चालण्याला. चांगलं म्हणालेले कधी आठवत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. बाहेरच्यांना ऐकून नवल वाटतं, आम्हाला त्याशिवाय दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही. पंचगंगेवर नेऊन म्हशी घासायच्या, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, तेल लावून आरशासारख्या करायच्या. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, पायात तोडे. मग मालकानं हाळी द्यायची आणि म्हशीनं गर्दीतून नेमकं त्याच्याच मागं यायचं. तरणी पोरं मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या पुंगळ्या काढून फटफट करत पुढं जातात आणि म्हशी त्यांच्या मागं पळतात. मामंजींचं तसं नव्हतं. ते पायी चालायचे. जीभ टाळूला लावून 'टॉक' करायचे, मग लांबलचक 'हुर्रऽऽ हा', आणि चालू लागायचे. मागं वळून बघायचे नाहीत. "मागं बघितलं की म्हशीला कळतंय, ह्याचा आपल्यावर भरवसा न्हाय," असं म्हणायचे.

आमच्या पेठेतल्या रांगेत पहिली जागा आमच्या घराची होती. मामंजींच्या आज्ज्यापासूनची.

नव्वदच्या दशकात सगळं बदललं. गल्लीत घरावर घरं चढली, शेणाच्या वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, वैरणीची गाडी आत येईना. एकेक करत आमच्या म्हशी गेल्या. शेवटी ती लाडकी म्हातारी होऊन गेली आणि गोठ्याला कुलूप लागलं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक पिकप घेतली आणि खेड्यांतून दूध गोळा करून शहरात घालायचा धंदा सुरू केला. पांढरी, किटल्या आपटून पोचे पडलेली गाडी. ती गोठ्याच्या दारातच उभी राहायची. मामंजी तिच्यात कधी बसले नाहीत. देवळात जायचं असलं तरी चालत. तिच्याकडं बघायचे ते घरात घुसलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.

त्या वर्षीच्या पाडव्याला आमची जागा रिकामी राहिली. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा मामंजी कट्ट्यावर पाठ फिरवून बसले होते. पेठेचा रिवाज असा की एक पाडवा जागा रिकामी राहिली तर चालतं. दुसऱ्या पाडव्यालाही राहिली, तर मागचं घर पुढं सरकतं आणि मग ते मागं येत नाही.  मामंजींनी घरातून बाहेर पडायचंच हळूहळू सोडलं. गंगावेशीत गवळ्यांच्या दूध कट्ट्यावर रोज जाणारा माणूस, तिकडची वाटसुद्धा विसरल्यासारखा झाला.

मला तेव्हा चाळिशी लागलेली. अक्कल वाढलेली नव्हती, फक्त धिटाई वाढली होती. पुढची दिवाळी जवळ आली तशी मी एका सकाळी मालकांना सांगितलं, "आपल्या जागेवर पिकप न्यायची. म्हशीसारखी सजवून."

मालकांच्या हातातली किटली तिथंच राहिली. "दुधाची गाडी हाय ती. तमाशाची न्हाय."

"मग दुधाचीच म्हैस म्हणायची तिला. दूध हीच आणती न्हवं घरात?"

"आणि चालवणार कोण? मी न्हाय बसणार त्या सोंगात."

"मी चालवतो की!"

आमच्याकडं बायका बोलताना करतो-जातोच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. विशेष हे की मला खरोखरच चालवता येत होती. मालकांनीच शिकवली होती, म्हणजे ते ओरडत होते आणि मी चालवत होते.

झालं. मी पिकप घेऊन उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडं गेले. बरोबर रंगारीही ठरवला. माझी कल्पना अशी होती: गाडी राणी कलरची, दारांवर हंस, मागच्या फाळक्यावर धबधबा आणि त्यात कमळं. आता आठवलं की माझं मलाच पदरात तोंड लपवावंसं वाटतं. म्हैस न्यायची होती की लग्नाची पत्रिका, देव जाणे. रंगाऱ्यानं विचारलं, "वैनी, राणी कलरची म्हैस कुठल्या गावची?" मी म्हटलं, "तुम्ही रंगवा, गाव मी सांगतो."

बरं झालं, आधी शिंगांचं काम निघालं. वेल्डर म्हणाला, माप द्या. मी खडू घेतला आणि त्याच्या भिंतीवर झोकात दोन शिंगं काढली. त्यानं पाईप तापवून तंतोतंत तशी वाकवली, नटबोल्टनं केबिनच्या टपावर बसवली, म्हणजे दुधाच्या फेरीला काढून ठेवता येतील. मी ती गाडी रुबाबात गल्लीत आणली आणि दारात हॉर्न वाजवला.

सगळी गल्ली बाहेर आली. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, छान की गं!" आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं कौतुकानं लावला.

मामंजी कट्ट्यावर होते. त्यांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सूनबाई, बेंदूर होऊन चार महिनं झालं. ह्यो बैल कुणाचा?"

मी दोन पावलं मागं येऊन वर बघितलं. शिंगं सरळ वर गेलेली, टोकं आत वळलेली. वडगावला लहानपणी बेंदराला मातीचे बैल पूजायचो, तीच शिंगं माझ्या हातात बसली होती, तीच मी भिंतीवर काढली होती. वीस वर्षं गवळ्याच्या घरात भाकरी थापून मला अजून म्हशीचं शिंग येत नव्हतं.

गल्ली हसली. मालक तर गोठ्याच्या दाराला धरून हसले. पण मामंजी हसले नाहीत. ते उठले. पटका बांधला, पायात वहाणा घातल्या, आणि पिकपचं दार उघडून आत बसले. पहिल्यांदाच.

"चल," म्हणाले. "त्या वेल्डरला शिंग दाखवतो. लोकं म्हणतील, गवळ्यानं बैल आणला."

आता मी लोकांना सांगते की शिंगं मी मुद्दामच चुकीची काढली होती, म्हाताऱ्याला उठवायला. साफ खोटं आहे. पण ऐकणाऱ्यांना आवडतं, आणि मलाही.

त्यानंतर गाडी माझी राहिलीच नाही. मामंजी रोज उद्यमनगरात. त्यांनी स्वतः हात फिरवून शिंगांचा बाक ठरवला: कपाळापासून मागं, मानेवरून खाली, टोकाला किंचित वर. राणी कलर ऐकल्यावर त्यांनी रंगाऱ्याकडं नुसतं बघितलं आणि गाडी काळी झाली. अशी काळी की तिच्यात तोंड बघून कुंकू लावावं. हंस गेले, कमळं गेली. दिव्यांभोवती पापण्या काढल्या, चाकांना पितळेची कडी बसवून त्यांचे तोडे केले. बॉनेटवर कवड्यांची माळ आली. ती माळ गोठ्यातल्या पेटीतून त्यांनी स्वतः काढली. त्या म्हशीचीच होती.

मालक म्हणाले, "आता शेपूट तेवढं ऱ्हायलं."

मामंजी म्हणाले, "आठवण केलीस ते बरं झालं," आणि मागं गोंडेदार शेपूटही लागलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना तेलाची वाटी घेऊन गाडीभोवती फिरताना पकडलं. निम्मी पिकप खोबरेल तेलानं चोळून झाली होती. म्हशीला लावतात तसं, केसांच्या दिशेनं. रस्त्यावरची सगळी धूळ येऊन तिच्यावर बसत होती. मी म्हटलं, "मामंजी, हिला केस न्हाईत." ते म्हणाले, "मग थंडी वाजंल की तिला." उरलेला सगळा दिवस आम्ही दोघांनी साबणाच्या पाण्यानं तेल काढण्यात घालवला. वीस वर्षांत आम्ही दोघं एकत्र एवढं हसलो नव्हतो.

काचेच्या वर रंगाऱ्यानं एक रिकामी पट्टी ठेवली होती. नावासाठी. गाडी म्हटली की तिथं नाव असतंच. कुणी देवीचं सुचवलं, कुणी माझ्या लेकीचं. मी लाजत लाजत माझं स्वतःचं सुचवलं, ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. मामंजी म्हणाले, "आमच्यात म्हशीला नाव ठेवत न्हाईत." पट्टी तशीच राहिली.

पाडव्याच्या दुपारी आम्ही पेठेत पोचलो तर आमच्या जागेवर मागच्या घरची म्हैस आधीच उभी. पेठेतले ज्येष्ठ गोळा झाले. त्यांतले एक मामंजींचे जुने सोबती. ते गाडीभोवती फिरले, शेपूट ओढून बघितलं आणि म्हणाले, "गड्या, सजवलीयास झक्कास. पर ही रांग म्हशींची हाय."

"ही म्हैसच हाय."

"मग हाळी दे. आली तुझ्यामागं, तर जागा तुझी."

लोक हसले. त्यांना गंमत वाटत होती. मी केबिनमध्ये होते, मला मामंजींची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीला गंमत वाटत नव्हती.

ते पुढं जाऊन उभे राहिले. टॉक. हुर्रऽऽ हा. आणि चालू लागले.

मी म्हणजे हुशार! ऐन वेळी बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटर दाबून धरला होता. त्या आवाजात मला हाळी ऐकूच आली नाही. मामंजी निघाले हे दिसलं तेव्हा घाईनं क्लच सोडला, आणि गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

"रुसली, रुसली!" पोरं ओरडली. "पेंड घाला तिला!"

मामंजी एकटेच पुढं चालले होते. मग त्यांनाही मागचा आवाज थांबल्याचं कळलं असणार. ते थांबले, पण वळले नाहीत. तिथूनच त्यांनी पुन्हा टॉक केलं. या वेळी गाडी बंद होती, म्हणून मला ते स्वच्छ ऐकू आलं. त्या हाळीच्या शेवटी त्यांनी आणखी एक शब्द जोडला, जो म्हशीसाठी कधी जोडला नव्हता. म्हणाले, "ये पोरी."

मी किल्ली फिरवली. देवीचं नाव घेतलं आणि क्लच असा सोडला, जसं झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा. गाडी हलली. तोडे चमकले, कवड्या वाजल्या. समोरची गर्दी दोन्हीकडं सरली. मागच्या घरच्या माणसानं आपल्या म्हशीची दोरी धरून तिला एक जागा मागं घेतलं. मामंजी चालत होते आणि मी त्यांच्यामागं, पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण पेठ. एकदाही त्यांनी मागं बघितलं नाही. मी धक्का दिला असता तर? पण त्यांच्या पाठीला ती भीती माहीतच नव्हती.

घरी आल्यावर मी उतरले. साडी घामानं भिजलेली. मामंजी गाडीभोवती एक फेरी मारू लागले, हात मागं बांधून. सगळी गल्ली गोळा झाली. सगळ्यांना ठाऊक होतं, आता काहीतरी निघणार. शिंग वाकडं, नाहीतर सून वाकडी. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"नाव ठेवायला जागा न्हाय," म्हणाले.

रंगारी मागं उभा होता. तो घाईनं पुढं आला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "हाय की हो आण्णा! सोडलीया की मी जागा, ही बघा!"

गल्लीत एवढं हसू झालं की शेजारची म्हैस बुजली. मी मात्र घरात जाऊन आधी रडून घेतलं आणि मग येऊन हसले.

ती पट्टी आम्ही शेवटपर्यंत रिकामी ठेवली. पुढची कितीतरी वर्षं दिवाळीच्या आधी शिंगं चढायची, एरवी गाडी किटल्या घेऊन खेडी फिरायची. मामंजी गेले त्या वर्षी पाडव्याला हाळी कुणी द्यायची, हा प्रश्न आला. मालकांना टॉक जमेना. शेवटी तेच स्टिअरिंगवर बसले आणि मी पुढं उभी राहिले. पेठेत त्या आधी बाईनं हाळी दिलेली नव्हती. जुने सोबती म्हणाले, "दे पोरी, तुझीच म्हैस हाय."

मी दिली. खणखणीत दिली. आणि चालू लागले, मामंजींसारखी, मागं न बघता.

म्हणजे एकदा बघितलं. मालकांचं ड्रायव्हिंग मला ठाऊक होतं.