राजेश्वरी मॅडमचे एकशे तेरा किलोमीटर

लासुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून राजेश्वरीची अकरा वर्षं गेली होती, आणि या अकरा वर्षांत माणसांबद्दलचं तिचं मत दरवर्षी थोडं थोडं खाली येत गेलं होतं. जनावर आजारी असलं तर आजारी दिसतं. माणसाचं तसं नाही. गाय चार दिवस वैरणीला तोंड लावत नाही हे डोळ्यांनी बघून पाचव्या दिवशी येणारा आणि वर "मॅडम, सकाळपातुर चांगली होती की" म्हणणारा एक तरी इसम तिला रोज भेटायचा. ती त्याला चार शब्द सुनवायची, गाईला इंजेक्शन द्यायची आणि स्कूटरला किक मारून पुढच्या गोठ्यावर जायची. वय एक्केचाळीस, बांधा दणकट, तोंड फटकळ. नवरा युवराज सोमेश्वरनगरच्या बाजूला एका शाळेत मास्तर होता. भांडण टाळणं हेच त्याचं आयुष्यातलं मुख्य काम, आणि ते तो मन लावून करायचा.

अशी बाई ट्रायथलॉनच्या वाटेला गेली ती इंद्रजितमुळं.

इंद्रजितची बारामतीत खतं-औषधांची दोन दुकानं होती. आदल्या वर्षी तो कुठंतरी मॅरेथॉन पळून आला आणि तेव्हापासून त्याला सत्कारांची चटक लागली. शाळा, पतसंस्था, गणेश मंडळ, जिथं माईक असेल तिथं तो 'मनाची ताकद' या विषयावर बोलायचा. युवराजच्या शाळेतही बोलला. तिसऱ्या रांगेत राजेश्वरी बसली होती. तंग टी-शर्टातून बाहेर येऊ बघणारं पोट सावरत इंद्रजित म्हणाला, "आता मी अर्धी ट्रायथलॉन करणार हाय. एक हजार नऊशे मीटर पवायचं. वर आलं की लगीच नव्वद किलोमीटर सायकल. सायकलवरनं उतरलं की एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासाच्या आत. कुणाबी सोम्यागोम्याचं काम न्हाय."

राजेश्वरीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. कासेला हात न लावताच म्हैस किती दूध देईल हे सांगणारी तिची नजर होती. याला जमणार असेल, तर त्यात फारसं काही नसणार, असा तिनं निष्कर्ष काढला.

घरी जाताना स्कूटरवर ती म्हणाली, "मी करती ते."

"काय?" युवराजनं मागून विचारलं.

"ते तिन्ही."

"अगं, तुला पवता येत न्हाय."

"त्याला तरी कुठं येत असंल!"

पोहणं शिकायला ती सांगवीला मावशीकडं गेली. मावशीचं नाव ताईबाई, वय अडुसष्ट. लहानपणापासून विहिरीत पोहलेली बाई. तिनं राजेश्वरीच्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधला आणि पायरीवरून सरळ आत ढकललं. राजेश्वरी बुडाली, वर आली, पाणी प्याली, पुन्हा बुडाली. काठावर बसून मावशी बघत होती.

"म्हशीवानी फुसफुसतीस का? तोंड मिट की!"

"दम लागतोय मावशे!"

"दिवसभर त्वांड चालवाया लागत न्हाय व्हय दम?"

पहिल्या रविवारी राजेश्वरीला विहिरीची एक बाजूसुद्धा गाठता आली नाही. पायरीला धरून ती लटकली आणि तिच्या लक्षात आलं की आपण भीतीनं थरथरतोय. याचा तिला इतका संताप आला की ती स्वतःलाच शिव्या देत पुन्हा पाण्यात पडली. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना न डगमगणारी बाई बारा हात पाण्याला भिते, म्हणजे इतक्या वर्षांचा तोरा फुकटच, असं तिला वाटलं. दर रविवारी ती सांगवीला जाऊ लागली. कॅन सुटायला दोन महिने लागले.

सायकल तिनं जुनी घेतली, गिअरवाली. पहाटे लासुर्ण्याहून निघून ती जंक्शन गावाच्या पुढपर्यंत जाऊन यायची. गळीत हंगाम सुरू झाला तसे समोरून दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर यायला लागले, गाणी लावून, रस्ता बापाचा असल्यासारखे. दोनदा ती रस्त्याकडेच्या चारीत पडली. एकदा तर ट्रॅक्टरवाल्यानं वाकून विचारलं, "मॅडम, गाडी बिघडली का काय?" तिनं त्याला जे उत्तर दिलं ते त्यानं त्या पट्ट्यात बरेच दिवस लोकांना सांगितलं.

दरम्यान इंद्रजितचा बारामतीत एक ग्रूप झाला होता. कुणीतरी राजेश्वरीलाही त्यात घातलं. आठ-दहा जण होते, डॉक्टर, बिल्डर, एक निवृत्त फौजदार मोहनराव. रविवारी सकाळी ते एकत्र सायकली चालवायचे, म्हणजे वीस किलोमीटर जाऊन मिसळ खायचे आणि चाळीस फोटो काढायचे. मोहनरावांनी वाऱ्याला अडथळा नको म्हणून पायांचे केस काढले होते, पोट मात्र जिथल्या तिथं होतं. एकाचं घड्याळ त्याला झोप नीट लागली की नाही ते सांगायचं. रात्री आपण झोपलो होतो की नाही हे ज्याला घड्याळाला विचारावं लागतं त्याच्याशी काय बोलायचं, म्हणून राजेश्वरी त्याच्याशी बोलायचीच नाही. दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही.

पण एक गोष्ट तिला आतून टोचत होती. जानेवारीत ती पहिल्यांदा सलग अठरा किलोमीटर पळाली. शेवटचे चार किलोमीटर तिला रडू येत होतं, मांड्या सोलल्या होत्या, पायाचं एक नख काळं पडलं होतं. घरी येऊन ती ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली. युवराजनं लिंबू-सरबताचा तांब्या पुढं केला.

"तो माणूस बेचाळीस पळालाय," ती म्हणाली.

"कोण?"

"इंद्रजित. बेचाळीस किलोमीटर. पोट घिऊन." तांब्या रिकामा करून ती पुढं म्हणाली, "एवढं सोपं न्हाय ते."

राजेश्वरीच्या तोंडून कुणाबद्दल इतकं बरं युवराजनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यानं तांब्या पुन्हा भरून आणला.

फेब्रुवारीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पळसदेवच्या बाजूला स्पर्धा झाली. दीडशे माणसं काठावर उभी होती. राजेश्वरी मागच्या रांगेत. पाण्यात शिरल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची तरी लाथ तिच्या तोंडावर बसली आणि तळ दिसत नाही म्हटल्यावर विहिरीतली पहिल्या दिवसाची भीती पुन्हा छातीवर येऊन बसली. ती उताणी झाली, वर आभाळाकडं बघत मनात मावशीच्या सगळ्या शिव्या एकामागून एक आठवल्या आणि पालथी होऊन हात मारायला लागली. सत्तर मिनिटांची मुदत होती. ती सदुसष्टाव्या मिनिटाला बाहेर आली. इंद्रजित तिच्या चार मिनिटं आधी आला होता. हे तिनं बघितलं, आणि खरंच पोहलाय गडी, असं मनात म्हटलं.

सायकलच्या चार फेऱ्या होत्या. त्याच रस्त्यानं जायचं, टोकाला वळायचं आणि परत यायचं. दर फेरीला टोकाच्या वळणावर एक स्वयंसेवक मनगटात एक रबरबँड घालायचा. चार रबरबँड म्हणजे चार फेऱ्या, हिशोब संपला. वळणावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला राजेश्वरी ओळखत होती. तो इंद्रजितचा मेव्हणा दादासो. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वयंसेवक गावातलेच असणार.

पहिल्या फेरीत इंद्रजित तिला समोरून येताना दिसला. दुसऱ्या फेरीतही दिसला, मान खाली घातलेला, चेहरा पांढरा पडलेला. तिसऱ्या फेरीत दिसला नाही. वारा उलटा होता, ऊन चढलं होतं, आणि तिचं स्वतःचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. दादासोकडून तिसरा रबरबँड घेऊन ती वळली आणि फेरी संपायला अर्धा किलोमीटर राहिला असताना, रस्त्यापासून जरा आत, पंपाच्या खोलीला टेकवलेली ती चकचकीत लाल सायकल तिला दिसली. शेजारी लिंबाखाली पाय पसरून इंद्रजित बसला होता.

राजेश्वरी थांबली. शर्यतीत एक एक मिनिट मोलाचं असतं हे तिला कळत होतं, तरी थांबली. सीटखालच्या पिशवीतून तिनं आपली एकुलती एक जादा ट्यूब काढली.

"पंक्चर झाली का? घ्या ही. पंप हाय का?"

इंद्रजित दचकला. "हां... म्हंजी जरा... तुमी व्हा पुढं मॅडम. मी बघतो."

तिनं सायकलकडं बघितलं. दोन्ही चाकं कडक. मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. तिथं चार रबरबँड होते.

तिच्या हातावर तीन होते. हा माणूस तिच्या अख्खी एक फेरी पुढं असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी तो इथं येऊन बसला होता आणि वेळ जाऊ देत होता, फार लवकर पोचलो तर लोकांना शंका येईल म्हणून.

इंद्रजितनं हात पाठीमागं घेतला.

राजेश्वरीनं ट्यूब पिशवीत घातली, पिशवीची चेन ओढली आणि निघाली. पण पुढचे कित्येक किलोमीटर तिला स्वतःच्याच डोक्यातला आवाज सहन होत नव्हता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ती हसली असती. लोक असेच असतात, तिला ते माहीत होतं. पण महिन्याभरापूर्वी फरशीवर बसून तिनं या माणसाला मान दिला होता. मनातल्या मनात का होईना, दिला होता. तो आता परत कसा घ्यायचा?

एकवीस किलोमीटर ती पळाली, चालली, पुन्हा पळाली. दुपारच्या उन्हात डांबरावरून पाय उचलत नव्हते. बाभळीखाली एकदा उलटी झाली. आठ तास एकवीस मिनिटांनी ती पोचली. तिच्यामागं फक्त सहा जण होते. इंद्रजित दीड तास आधीच पोचून, पदक गळ्यात घालून, मोहनरावांबरोबर फोटो काढून घरी गेला होता.

तिनं आयोजकांना पत्र पाठवलं. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की निकाल अंतिम आहे आणि आपल्या सहभागाबद्दल आभार. तोवर बारामतीत फ्लेक्स लागला होता. त्यात इंद्रजित डरकाळी फोडणाऱ्या वाघाशेजारी उभा होता.

सत्काराला ग्रूपनं तिलाही बोलावलं. युवराज म्हणाला, "जाऊ नको. आणि गेलीस तर बोलू नको."

ती गेली. शाल-नारळ घेतला आणि माईक हातात आल्यावर म्हणाली, "मला आठ तास एकवीस मिनिटं लागली. इंद्रजितरावांना कमी लागली, कारण नव्वद किलोमीटरातले पंचेचाळीस त्यांनी लिंबाच्या झाडाखाली काढली. रबरबँड मेव्हण्यानं दिलं. मी डोळ्यांनी बघितलंय. धन्यवाद."

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता सर्वांनी चहापानाचा लाभ घ्यावा," आणि माणसं खरंच उठून चहा प्यायला गेली. तिला कुणी काही विचारलं नाही, इंद्रजितलाही नाही. वडा खाता खाता मोहनराव शेजारच्याला म्हणाले, "बायकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाय." संध्याकाळी तिला ग्रूपमधून काढून टाकण्यात आलं. पुढच्या महिन्यात इंद्रजितनं नवशिक्यांसाठी मार्गदर्शन वर्ग सुरू केला, आणि त्याला माणसंही मिळाली.

मग एप्रिलमधल्या एका दुपारी दवाखान्यात फोन आला. लासुर्ण्याच्या शिवारात इंद्रजितची जमीन होती, तिथल्या गोठ्यात गाय अडली होती. डॉक्टर रजेवर होते. राजेश्वरी गेली.

वासराचं डोकं मागं वळलं होतं. तिनं बाही वर केली, हात धुतला आणि आत घातला. इंद्रजित गाईची शिंगं धरून उभा होता. इतक्या जवळ ती दोघं लिंबाखालच्या भेटीनंतर पहिल्यांदाच आली होती.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमी चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

"शिंगं नीट धरा."

"पाय गोळा झालं हुतं माझं. मला वाटलं, आता मरतोय. घरचे सगळे बघायला आलेले. पोरं आलेली."

डोकं हाताला लागलं होतं, ते हळूहळू फिरवावं लागत होतं.

"पुढच्या वर्षी खरंखुरं करणार हाय मी," तो म्हणाला.

"करा की. मला कशापाय सांगता?"

"तुमी बघितलंय म्हणून."

तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो रडवेला झाला होता. तिला कीव यायला हवी होती, आली नाही. पळता न येणाऱ्या माणसाचं तिला काही वाटलं नसतं, तीसुद्धा निम्मी वाट चाललीच होती. पण हा पदक परत करायला गेला नव्हता. फ्लेक्स त्यानं उतरवला नव्हता. वर्गाची फी तो घेतच होता. आणि पुढच्या वर्षीच्या खरेपणाची पावती आज तिच्याकडून आगाऊ मागत होता.

"शिंगं सोडा, इकडं येऊन ओढा आता," डोकं सरळ झाल्यावर ती म्हणाली. "झटका देऊ नका. ती कळ देईल तेव्हाच."

वासरू बाहेर आलं, कालवड होती. जरा वेळ निपचित पडली, मग राजेश्वरीनं नाकातलं पुसून छाती चोळल्यावर शिंकली. गाय मागं वळून तिला चाटायला लागली. इंद्रजित हात जोडून काहीतरी म्हणत होता, राजेश्वरी हौदावर खांद्यापर्यंत साबण लावत होती. तिनं गाईची वार पडेपर्यंत वाट बघायला सांगितलं, कालवडीला चीक कधी पाजायचा ते सांगितलं, नोंदवहीत सही घेतली आणि चहाला नको म्हणाली.

रस्त्याला लागल्यावर तिनं घड्याळात बघितलं. कळंबच्या दोन गोठ्यांवर लस टोचायची राहिली होती, आणि रविवारी मावशीची विहीर उपसणार होते, म्हणजे या आठवड्यात पोहायला दुसरी जागा शोधावी लागणार होती.