लांब किल्ली

ये बाई, कागदातून का होईना, पण जवळ सरकून बस. आन आधी बोलणी खा. "आई, तू माझ्या मेलला उत्तरच देत न्हाईस," म्हणून फोनवर फुगून बसतीस. न उघडलेल्या मेलला उत्तर काय द्यावं माणसानं?

तुझा काकांवरचा राग मला कळतो. तवा परतुरात इंटरनेटचं दुकान त्यांचंच. तुझी मेल तेच उघडायचे. वाचायला मी माझी मीच शिकले होते, पण मशीनला हात लावायची भीती. एक दिवस भर गिऱ्हाइकात ते दारातून ओरडले, "वहिनी, पोरगी नवऱ्याचं घर सोडून निघाली म्हणं!" माझ्या आधी बाजाराला कळलं. संध्याकाळी बाया चहाच्या निमित्तानं आल्या. "खरंय का वो?" मी म्हणलं, "साखर बराबर हाये का, तेवढं सांगा."

मंग तू बंगळूरहून तुझा जुना लॅपटॉप धाडला, सोबत एटीएमसारखं एक कार्ड. मेलला कुलूप, आन त्याची किल्ली या कार्डात, असं समजावलंस. किती हरखले मी! जालन्याहून कार्ड वाचायचं स्वस्तातलं यंत्र मागवलं. पहिली मेल आली, कार्ड घातलं, नंबर दाबला. दिवा लुकलुकला आन विझला. परत घातलं, परत विझला.

फोनवर म्हणलीस, "किल्ली म्हंजे आकडेच, आई. कुणाला फोडता येऊ नये म्हणून माझी लई लांब हाये. माझ्या यंत्रात चालती, तुझ्या यंत्राला झेपत न्हाई."

"मंग आखूड कर की माय. सगळे ठेवतात तेवढी."

"सगळ्यांसारखी नको मला. आता कुणाचाच भरोसा न्हाई."

कुणाचाच. मला काय तू काकांच्या रांगेत बसवलंस?

तुझ्यासारखं यंत्र जालन्यात मिळंना, औरंगाबादेत दुकानदार हसला. "मी येताना आणते," म्हणलीस. ते येणं अजून येऊनच राह्यलंय.

फोनवर विचारलं, की तू घाईनं फोन ठेवायला बघतीस. "लिहिलंय सगळं, वाच," म्हणतीस. काय वाचू? पडद्यावर इंग्रजी अक्षरं आन आकडे, दाणे सांडल्यासारखे. मी तेच खाली खाली सरकवत बसते. लवकर संपलं तर बरं वाटतं. संपता संपंना, की समजते, आज लेकीचं काही तरी जास्त बिनसलंय. तुझ्या दुःखाची मला नुसती लांबी कळती.

हट्ट केला तर एकदा बिनकुलपाची धाडलीस. "मी ठीक. तू गोळ्या घे." संपलं. उघड्यावर तू सांगणार न्हाईस, आन कुलपातलं मला दिसणार न्हाई.

ज्यांच्या भीतीनं कुलूप लावलंस, त्या काकांचं दुकान कवाच बंद पडलं. आता मोबाइलची कव्हरं विकून राह्यलेत. तुझं नावसुद्धा काढत न्हाईत. कुलपाच्या बाहेर राहिले ती मी एकटी.

सणाची वाट बघू नको, जल्दी ये. तुझं यंत्र आधी पिशवीत टाक. कार्ड माझ्या उशाखाली हाये. आन यंत्र राहिलंच तिकडं, तरी तशीच ये. तोंडानं सांग. मी दार लावून घेते.