चाचांची पांढरी माती

पावसाळ्याआधी कोणी घराचं काही विचारलं, की मला बोलायला जोर येतो. पन्हाळी साफ करा, गच्चीवरचं गवत मुळासकट उपटा, भाड्यानं राहत असाल तर घरमालकाच्या मागं हात धुऊन लागा. माझी सून हसते. "आई, तुम्ही स्वतः घरमालकीण, आणि बाजू कायम भाडेकऱ्याची घेता," म्हणते. तिला कारण अजून सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते, दुसरं काय!

धाड गावात आमचं घर धाब्याचं होतं. मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर काड्या आणि त्यावर मातीचं सपाट छत, तेच धाबं. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागे. शेतातली काळी माती तिथं कामाची नाही, ती उन्हात भेगाळते आणि पाणी सरळ खाली सोडते. पांढरी माती गावाबाहेरच्या पडक्या गढीवरून गाढवांवर लादून आणायची, चाळायची, कुटार म्हणजे भुसा मिसळून पसरायची आणि पायांनी दाबायची. एवढं केलं, की पावसाळाभर निवांत.

एकाच धाब्याखाली मधे भिंत घालून बाबांनी दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. तिथं एक शिंपी आणि त्याची बायको राहत. आम्ही त्यांना चाचा आणि चाची म्हणत असू. चाचा बाजाराच्या दिवशी मान वर न करता मशीन चालवायचे. चाचीनं मला काज करायला शिकवलं. माझा टाका वाकडा गेला, की ती माझ्या डोक्यात हळूच टपली मारायची. शाळेतून आल्यावर मी दप्तर टाकायची ते तिच्याच ओट्यावर.

आता बाबांचं सांगते. नुकत्याच झालेल्या कूळकायद्यात आमचं नाल्याकाठचं वावर कसणाऱ्याच्या नावावर गेलं होतं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं, आणि त्यांनी त्यातून एक अजब अर्थ काढला होता. ज्याचे हात मातीला लागले, ती माती त्याची. म्हणून भाडेकऱ्यानं घराला हात लावायचा नाही! भोक बुजवायचं नाही, भिंत पोतारायची, म्हणजे ओल्या मातीनं सारवायची नाही, साधा खिळा ठोकायचा नाही. घराचे कायदे वेगळे असतात, असं गावातल्या शहाण्या माणसांनी सांगून पाहिलं. बाबा कोणाचं ऐकतात!

मग दिवाळीआधी चाचांच्या भिंती पोतारायला कोण जायचं? माय आणि मी. चाची स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखी उभी. "मी करतो ना, भाभी. मले काय हात नाहीत का?" ती म्हणायची. माय मान खाली घालून पोतारा फिरवत राहायची. काम संपलं, की चाची आम्हाला चहा द्यायची.

भिंतींचं असं निभावलं, पण धाब्याचं नाही. आमच्या बाजूवर बाबा अधूनमधून माती टाकत. त्यांच्या बाजूचं आलं, की "टाकू, टाकू" म्हणत वर्ष निघून जाई. एका पावसाळ्यात चाचीच्या खोलीत चुलीवर गळलं, मशीनवर गळलं, आणि घरातलं एकही भगुनं रिकामं राहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चाची दोन जिवांची होती. दिवस पावसाळ्यातच भरणार होते. चाचांनी कोणाची तरी गाढवं मागून गढीवरून माती आणली. अंगणात ढीग घातला, स्वतः बसून चाळली, कुटार कालवलं. मग टोपी नीट करून बाबांसमोर आले.

"मालक, इजाजत देसान तर आमच्या बाजूनं टाकून घेतो. तुमाले काही तकलीफ नाही."

"हात लावू नका," बाबा म्हणाले. "माह्या धाब्यावर तुमची माती पडली, म्हंजे उद्या तुमी म्हनसान का घर आमचं."

"तोबा, मालक! असं काऊन म्हन्तो मी?"

"तो वावरवालाही असाच गरीब दिसे. मी टाकतो ना. पेरनीचं आटपू द्या."

त्या दिवशी माय बाबांपुढं पहिल्यांदा बोलली. "बाई दोन जिवाची हाय. तिच्या अंगावर गळालं तर पाप आपल्याले लागन." बाबांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पेरणी आटपली. ढीग अंगणातच होता. कोंबड्या त्यावर चढत, आणि चाचा रोज संध्याकाळी फाटकी ताडपत्री त्यावर ओढून घेत. आपल्या खोलीवर घालायला दुसरी ताडपत्री त्यांच्याकडं नव्हती.

मग झड लागली. दुसऱ्या सकाळी चाचांनी गिऱ्हाइकांच्या कापडांचा ओला गठ्ठा ओट्यावर आणून टाकला. त्यात माझ्या परकराचंही कापड होतं, लाल रंग पिवळ्यात उतरलेला. आत चाची भिंतीला टेकून खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, कारण खाली जमीन चिखल झाली होती. मला पाहून ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी दुपारी चाचांनी बैलगाडी आणली. चाचीचे भाऊ बीबी गावात होते, तिकडं निघाले. जाण्याआधी त्या अवघडलेल्या बाईनं, बाबा शेतात आहेत हे पाहून, खोलीचा चिखल निपटला आणि जमीन सारवली. खोली घाण टाकून जाऊ नये म्हणे. माय दाराशी पदर तोंडाला लावून रडत होती. चाचा मात्र ढिगाजवळ थांबले आणि मला म्हणाले,

"बाई, मालकाले सांगजा, माती इथंच हाय. उघडीप पडली का टाकून घ्या म्हना."

उघडीप पडली. बाबांनी गडी लावून ती माती वर चढवली. रिकाम्या खोल्यांवर नाही, आमच्या बाजूवर. भाडेकरू गेलाच होता, मग हक्काचं भय कसलं! तो सगळा पावसाळा आमच्या घरात एक थेंब गळला नाही. बाबा जेवताना वर बघायचे आणि खूश व्हायचे. माय ताटावरून नजर उचलायची नाही. मीही नाही.

पोळ्याच्या सुमारास बाजारात चाचा दिसले. मुलगी झाली होती, चाची बरी होती. मी पळून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"बाई, घर गळत तं नाही ना औंदा?"

"नाही," मी म्हणाले. खोटं तर नव्हतंच.

त्यांचा चेहरा खुलला. "मंग! बारीक चाळली होती ना मी," असं म्हणून त्यांनी मुलीच्या नावानं वाटायला घेतलेल्या बत्ताशांतला एक माझ्या हातावर ठेवला.